डब्याखालचा महापौर

२०२५ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली आणि मी हात पुसत बाहेर येईपर्यंत आईने दार उघडलंसुद्धा होतं. अमेरिकेत दार उघडायच्या आधी भोकातून बघायचं असतं, हे तिला आल्यापासून तीनदा सांगून झालं होतं. "माणूस आलंय म्हटल्यावर उघडायचं, भोकातून काय बघायचं," हे तिचं तिन्ही वेळचं उत्तर. दारात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गुळगुळीत जाड पत्रकांचा गठ्ठा, आणि जिना चढून आल्यामुळे कानशिलावर घाम. तो इंग्रजीत माझं नाव विचारत होता, आई सोलापुरीत "आत ये की बाबा, उन्हाचा आलायस" म्हणत होती, आणि दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं. मी पुढे होईपर्यंत आईने त्याच्या हातात वाटी दिलेली. पातळ पोह्यांचा चिवडा, त्यात पोह्यांपेक्षा शेंगदाणे जास्त. पोराने पत्रकं काखेत मारली, फोन खिशात घातला आणि उभ्याउभ्याच वाटी रिकामी केली. मग त्याला आपलं काम आठवलं. आपल्या जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदासाठी उभे आहेत, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक १० जूनला आहे, तुमचं मत आम्ही धरायचं ना?

मी हो म्हटलं.

त्याने फोन काढला, पडद्यावर कुठेतरी बोट टेकवलं, आईला वाकून 'थँक यू' म्हणाला आणि खाली गेला. माझ्या नावापुढे एक खूण पडली. १० जूनला मी मत दिलं ते दुसऱ्याच नावाला. गोष्ट एवढीच. कुणाचं काही अडलं नाही, माझ्या एका मताने निकाल इकडचा तिकडे झाला नसता. मत गुप्त असतं, दारात आलेल्याला काय वाट्टेल ते सांगायचा मला हक्क आहे. हे सगळं मी मला बरेचदा सांगून पाहिलंय. तरी तो वाटी धरलेला हात अधूनमधून डोळ्यांसमोर येतोच. चिवडा आपण खायला घातला, म्हणजे खरं तर मिंधा तो व्हायला हवा. पण झाले मी.

तो गेल्यावर आईने पत्रक चष्मा लावून उलटंसुलटं पाहिलं. बाह्या दुमडलेला शर्ट, हसरा चेहरा, मागे धूसर गर्दी. "हा कोण?" मी म्हटलं, इथला महापौर. "मग त्याला काय पायजे?" राज्याचा गव्हर्नर व्हायचंय. आई विचारात पडली. "गव्हर्नर म्हणजे राज्यपालच ना गं? मग त्याला घरोघर पोरं कशाला फिरवायला लागायलीत? ते तर दिल्लीहून येतात." मी समजावू लागले की इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समज. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर इतर राज्यांतल्यापेक्षा जरा जास्तच वजनदार. राज्याचा महाधिवक्ता तो नेमतो, न्यायाधीशांची नावं तो सुचवतो, आणि २००९ पर्यंत तर अख्ख्या राज्याच्या मतांनी निवडून येणारं राज्य सरकारातलं ते एकमेव पद होतं. मग त्याच्या जोडीला लेफ्टनंट गव्हर्नर आला. "मग मुख्यमंत्री म्हण की सरळ," आई म्हणाली. आणि महापौर? तो इथे फिती कापत नाही, कारभार करतो. आपल्याकडचे आयुक्त आणि महापौर एका अंगात घातले तर जे होईल ते. यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरंय बाई तुमचं. तुमचा महापौर मुख्यमंत्री व्हायला निघालाय. आमच्याकडं महापौरच न्हाई, तीन वर्षं झाली."

खरंच होतं ते. मार्च २०२२ मध्ये सोलापूरच्या, पुण्या-मुंबईच्या सगळ्या सभागृहांची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. महापौर हा सावरकरांनी दिलेला शब्द आपल्या तोंडी इतका रुळलेला, की तो कधीतरी कुणीतरी घडवला असेल हेही जाणवत नाही. शब्द आपल्याकडे होता, माणूस नव्हता. इथे माणूस होता आणि त्याला आता तो शब्द पुरेनासा झाला होता.

माझ्या लहानपणी महापौर ही चीज मी एकदाच जवळून पाहिली. शाळेचं बक्षीस वितरण होतं. सकाळपासून आम्हाला मैदानावर रांगेत बसवलेलं, डिसेंबर असला तरी सोलापूरचं ऊन ते. पाहुणे दोन तास उशिरा आले. लाल दिव्याची गाडी मैदानात शिरली तेव्हा उठलेल्या धुळीचा वास अजून आठवतो, आणि शिक्षकांची पळापळ. मला निबंधाचं दुसरं बक्षीस होतं, स्टीलचा एक डबा. तो देताना महापौरांनी विचारलं, "कुठं राहतीस?" मी गल्लीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तिकडं पाणी येतं का नीट?" मी नऊ वर्षांची. मला वाटलं, हा प्रश्न बक्षिसातच मोडतो आणि बरोबर उत्तर द्यायचं असतं. मी म्हटलं, हो. घरी येऊन हे सांगितल्यावर बाबा हसून लोटपोट झाले आणि आई भडकली. तिने त्याच पहाटे तीनला उठून, चौथ्या दिवशी आलेलं पाणी पिंपात भरलं होतं. "एवढा समोर उभा होता आणि तू हो म्हणालीस?" तो डबा आजही सोलापुरात आहे, त्यात मोहरी असते.

माझं दारात येणाऱ्या सत्तेला हो म्हणणं फार जुनं आहे, हे हा प्रसंग लिहिताना लक्षात आलं.

मी जर्सी सिटीत आले २००६ मध्ये, जर्नल स्क्वेअरला, आणि कंपनी दोनदा बदलली तरी वस्ती बदलली नाही. सोलापूरकरांना मी सांगते की हे शहर आपल्यापेक्षा लहान आहे, तर कुणी विश्वास ठेवत नाही. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २ लाख ९२ हजार. सोलापूर २०११ मध्येच साडेनऊ लाखांचं. पण हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारती उभ्या असल्यामुळे या शहराला आपोआप मोठेपणा येतो आणि त्याच इमारतींमुळे कायमचं धाकटेपणही. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर न्यूअर्क अव्हेन्यूचा तो तुकडा आहे, जिथे फुटपाथवर भाजीचे खोके मांडलेले असतात, कढीपत्त्याचा आणि अगरबत्तीचा वास एकत्र येतो आणि नवरात्रात रस्ता बंद करून रात्रभर गरबा चालतो. पुढारी स्टेजवर येऊन 'नमस्ते' म्हणतात, गळ्यात हार घालून घेतात, जातात. नव्याने आलेल्यांना ही जागा पहिल्यापासून अशीच असावीसं वाटतं. १९८७ मध्ये याच शहरात कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी होती. भारतीयांना इथून हाकलून लावू अशी धमकी देणारं त्यांचं पत्र 'जर्सी जर्नल'मध्ये छापून आलं होतं. माणसांवर हल्ले झाले, एकाचा जीव गेला, बायका टिकली काढून घराबाहेर पडायच्या. तो काळ भोगलेल्या एक काकू अजून आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला येतात. मोठ्ठं कुंकू लावतात. त्यामागचं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही.

ज्या वर्तमानपत्रावरून आमच्या चौकाचं नाव पडलं, तो 'जर्सी जर्नल' १ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाला. १८६७ पासून चाललेला. म्हणजे शहराचा महापौर राज्यभर मतं मागत फिरत होता त्या वर्षी शहराला स्वतःचं छापील वर्तमानपत्र नव्हतं. कोण कुठे काय बोललं हे कळायचं ते त्या गुळगुळीत पत्रकांवरून. दिवसाआड एक पत्रक यायचं, कधी दोन. सहा उमेदवार होते डेमोक्रॅटिक पक्षात, आणि त्यांतले तीन महापौरकी केलेले. आमचा फुलप, शेजारच्या न्यूअर्कचा रास बराका आणि माँटक्लेअरचा माजी महापौर, शिक्षक संघटनेचा अध्यक्ष शॉन स्पिलर. आईला ती पत्रकं टाकवेनात. "केवढा भारी कागद!" तिने ती कात्रीने कापून माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली. डाळींच्या डब्यांखाली एक खासदार, चहा-साखरेखाली राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष आणि मिसळणाच्या डब्याखाली, अगदी हाताशी, आमचा महापौर.

या माणसाबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं. रुमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, वडिलांचं न्यूअर्कमध्ये खाण्यापिण्याचं छोटं दुकान. हा गोल्डमन सॅक्समध्ये नोकरीला होता, ११ सप्टेंबरनंतर ती सोडून मरीनमध्ये गेला, इराकला जाऊन आला. २०१३ पासून महापौर. आजारपणाची भरपगारी रजा देणं मालकांना सक्तीचं करणारं न्यू जर्सीतलं पहिलं शहर आमचं, त्याच वर्षी. माझ्या ओळखीतल्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईला तापात घरी झोपता आलं ते त्या कायद्याने. मग उंच इमारती आल्या. माझ्या खिडकीतून दिसायचा तो आभाळाचा तुकडा आता सकाळी साडेदहानंतरच उजळतो. भाडी वाढली, ओळखीची माणसं बायोनला, पार्सिपेनीला गेली. हे सगळं एका माणसाने केलं असं म्हणणं बाळबोध आहे, आणि त्याचा यात काही हात नाही म्हणणंही तितकंच. एकदा वादळात आमच्या दारातल्या झाडाची मोठी फांदी तुटून गाड्यांवर पडली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माणसं करवत घेऊन हजर. मी खिडकीतून चहा पीत बघत होते आणि मनात म्हटलं, बघा, आमचा महापौर. शहराच्या धन्याचं काम मला एवढंच कळतं. फांदी, बर्फ, कचरा, दिवा. तो गव्हर्नर झाला तर करवतवाली माणसं थोडीच बंद होणार होती? पण आईच्या भाषेत सांगायचं तर, जावई परगावी बदली मागतोय म्हटल्यावर जे वाटतं ते वाटत होतं.

आणि ही बदलीची अर्जी पहिलीही नव्हती. २०१७ च्या निवडणुकीला तो उभा राहणार हे सगळे धरून चालले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये अचानक माघार घेऊन त्याने फिल मर्फीला पाठिंबा दिला. मर्फी गव्हर्नर झाला, आठ वर्षं राहिला. म्हणजे आमचा माणूस आमच्या फांद्या उचलता उचलता एक डोळा राज्याच्या राजधानीकडे, ट्रेंटनकडे लावूनच होता. यात गैर काय? काहीच नाही. मी स्वतः चालू नोकरीत बसून दुसरीकडे अर्ज केलेले आहेत.

मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडला आम्ही आईला घेऊन दक्षिणेकडे गेलो. न्यू जर्सीत कुणी विचारलं तुम्ही कुठले, तर पुढचा प्रश्न ठरलेला, कितव्या एक्झिटला? आमचं १४सी. तिथून टर्नपाइक महामार्गाने निघालं की आधी तेलाच्या टाक्या, विमानं, कंटेनरचे ढीग, तो विशिष्ट जळका वास. मग गोदामं, मग झाडं, आणि दोनेक तासांनी हॅमंटनच्या आसपास पोचलो तर पांढरी वाळू आणि मैलोन् मैल बुटके पाइन. आई म्हणाली, "हे पण तुमचंच राज्य?" रस्त्याकडेला एका शेतकऱ्याचा ठेला होता. स्ट्रॉबेरी, शतावरीच्या जुड्या, मध. ब्लूबेरीला अजून वेळ होता. म्हाताऱ्याने कागदी पिशवीत स्ट्रॉबेरी भरता भरता विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं जर्सी सिटी. "म्हणजे न्यूयॉर्कच ते." मी जरा अभिमानाने म्हटलं, नाही हो, आमचा महापौर उभा आहे ना गव्हर्नरला! त्याने पिशवीचं तोंड दुमडलं आणि विचारलं, "कोण?"

त्या विचारण्यात खवचटपणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी एक पिशवी जास्त घेतली. परत येताना गाडीत स्ट्रॉबेरीचा घमघमाट आणि माझ्या डोक्यात हिशेब. राज्य साधारण ९३ लाखांचं, २१ काउंट्या, ५६४ नगरपालिका, म्हणजे जवळपास तितकेच महापौर. शंभरातले तीन लोक आमच्या शहरात. उरलेल्या सत्त्याण्णवांना आमच्या फांदीशी काय देणंघेणं?

शहराच्या महापौरांची ही वाट पूर्वीपासून निसरडी आहे. न्यूयॉर्क शहराचा महापौर राज्याचा गव्हर्नर झाला असा शेवटचा माणूस जॉन हॉफमन, आणि ते साल होतं १८६९. १९८२ मध्ये एड कॉच उभा राहिला. शहर त्याच्या हातात, लोकप्रियता अशी की कुणीही हेवा करावा. आणि त्याने 'प्लेबॉय'ला दिलेली मुलाखत नेमकी तेव्हा छापून आली. उपनगरातलं जगणं निर्जीव, खेड्यातलं जगणं म्हणजे थट्टा, साधा झगा घ्यायला वीस मैल गाडी हाकायची, राजधानी ऑल्बनी म्हणजे गावंढळपणाचा कळस, असं सगळं तो त्यात मोकळेपणी बोललेला. मुलाखत दिली तेव्हा उभं राहायचं त्याच्या मनातही नव्हतं. पुढे मारिओ क्योमोने, ज्याला त्याने पाच वर्षांपूर्वी शहराच्या निवडणुकीत हरवलं होतं, त्याला प्राथमिक फेरीतच घरी बसवलं. मला कॉचची ही मुलाखत अप्रामाणिक राजकारणापेक्षा बरी वाटते. शहरावर जीव असणारा माणूस तसंच बोलणार. पुणेकराला विचारा पुण्याबाहेरचं.

पण रात्री झोप लागेना तेव्हा मी ज्याच्याबद्दल वाचत बसले तो त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय महापौर. १९७३ पासून निवडून येत होता, आधी पोलिसात होता. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. पाहण्यांमध्ये तो पुढे. मतदान संपलं तेव्हाही तो जिंकतोय असंच सांगितलं गेलं. आणि मोजणी पुरी झाल्यावर पाऊण कोटीहून जास्त मतांत तो एक लाखापेक्षा कमी मतांनी हरला. का, यावर अजून वाद आहे. टपाली मतांनी घात केला म्हणतात. त्याच मतपत्रिकेवर पिस्तुलांवर निर्बंध आणायचा प्रस्ताव होता, त्याच्या विरोधात बंदूकवाले लोंढ्याने बाहेर पडले, असंही म्हणतात. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तिसरंच कारण. पाहणी करणाऱ्याने विचारलं तेव्हा काही गोऱ्या मतदारांनी, आपण कसे दिसू या विचाराने, ब्रॅडलीलाच देणार म्हणून सांगितलं आणि पडद्याआड जाऊन दिलं दुसऱ्याला. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याला आजही त्याचंच नाव आहे, 'ब्रॅडली इफेक्ट'. वीस वर्षं महापौर राहिलेल्या माणसाचं नाव चिकटलं ते लोकांच्या खोटेपणाला.

माझ्यात आणि त्या मतदारांत फरक आहे. आमच्या गोष्टीत कातडीचा रंग नव्हता. पण मध्यरात्री फोनच्या उजेडात हे वाचताना मला तो फरक जितका मोठा वाटायला हवा होता तितका वाटला नाही. मी हो म्हटलं होतं ते आईसमोर, चिवड्याच्या वाटीसमोर, मी कशी दिसेन या विचारानेच.

या खेपेची मतपत्रिकाही वेगळी होती. आजवर न्यू जर्सीत प्राथमिक निवडणुकीला 'काउंटी लाइन' असायची. काउंटीतले पक्षाचे धनी ज्यांना आशीर्वाद देतील ते सगळे एका रांगेत, ठसठशीत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, शोधून काढावे लागतील असे. सिनेटला उभ्या असलेल्या खासदार अँडी किमने कोर्टात दाद मागितली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ती रांग डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरून उठवली. गव्हर्नरच्या निवडणुकीला सहाही नावं एकाच चौकटीत, एकसारखी, ही पहिलीच वेळ. या काउंटीत हे होणं म्हणजे गंमतच. इथे फ्रँक हेग नावाचा महापौर होऊन गेला, १९१७ ते १९४७, तीस वर्षं. 'कायदा म्हणजे मी' हे त्याचं वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे. त्याच्या टेबलाचा खण उलट्या बाजूला, म्हणजे समोर बसलेल्याच्या पोटापाशी उघडायचा, पाकीट ठेवायला सोयीचं पडावं म्हणून, अशी दंतकथा आहे. हेग कधी गव्हर्नर झाला नाही. त्याला गरज पडली नाही, तो गव्हर्नर बनवायचा. त्याच्या मर्जीतला हॅरी मूर तीनदा ट्रेंटनला जाऊन आला. फुलपला हेगसारखं घरात बसून चालणार नव्हतं. त्याला म्हाताऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या ठेल्यापर्यंत जावं लागणार होतं, आणि चिवडा खाणाऱ्या त्या पोराच्या पायांवर तो किती लांब जाणार?

मे महिन्यातच, बेल वाजण्याच्या काही दिवस आधी, न्यूअर्कच्या बराकाला त्याच्याच शहरात अटक झाली होती. ९ मेला, डिलेनी हॉल या स्थलांतरितांच्या कोठडीच्या फाटकापाशी. अतिक्रमणाचा आरोप लावला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला. टीव्हीवर आईने ते पाहिलं. हात मागे बांधून नेतायत. "हा पण महापौरच?" हो. "हा पण मुख्यमंत्री व्हायलाय?" हो. आई म्हणाली, "मग ह्याला आता पडतील मतं." तुरुंगात जाणाऱ्याला मतं पडतात हे तिचं आपल्याकडचं ज्ञान. ते अगदीच चुकीचं ठरलं नाही. तो दुसरा आला, फुलप तिसरा, साधारण सोळा टक्क्यांवर. जिंकली मिकी शेरिल, खासदार, पूर्वी नौदलात हेलिकॉप्टर चालवणारी. नोव्हेंबरात तीच गव्हर्नर म्हणून निवडून आली. मी कुणाला दिलं ते इथे लिहीत नाही. एकदा बोलून पस्तावलेय.

निकालाच्या रात्री आई म्हणाली, "ते पोरगं हिरमुसलं असेल गं." तिला उमेदवार आठवत नव्हता, पोरगं आठवत होतं.

ऑक्टोबरात ती परत गेली. आणि ती गेल्यावर इथे जे झालं ते बघायला ती हवी होती. फुलपची खुर्ची रिकामी होणार म्हणून नव्या महापौराची निवडणूक लागली आणि उमेदवारांत होता जिम मॅकग्रीवी. हा माणूस पूर्वी वुडब्रिजचा महापौर. वुडब्रिज म्हणजे आपला आयसलिनचा ओक ट्री रोड, जिथे मराठी माणूस दिवाळीच्या आधी एकदा तरी जातोच. तिथून तो २००२ मध्ये गव्हर्नर झाला, म्हणजे आमच्या महापौराला जे जमलं नाही ते त्याने करून दाखवलेलं. २००४ मध्ये टीव्हीवर, बायको शेजारी उभी असताना, आपण समलिंगी असल्याचं सांगून त्याने पद सोडलं. पुढे धर्मशास्त्र शिकला, तुरुंगातून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम करत राहिला. आणि आता वीस वर्षांनी म्हणत होता, मला तुमच्या फांद्या उचलू द्या. बराकाचे वडील अमिरी बराका न्यू जर्सीचे राजकवी होते आणि ११ सप्टेंबरवरच्या एका कवितेवरून वादळ उठलं तेव्हा ते पदच रद्द करून टाकण्याच्या कायद्यावर सही होती याच मॅकग्रीवीची. एवढ्याशा राज्यात माणसं अशी एकमेकांच्या कहाण्यांत येत-जात असतात. त्या वर्षी आमच्या शहरात महापौराला गव्हर्नर व्हायचं होतं, माजी गव्हर्नराला महापौर व्हायचं होतं, आणि दोघांनाही लोकांनी नको म्हटलं. २ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत जेम्स सॉलोमन हा नगरसेवक मोठ्या फरकाने निवडून आला.

मॅकग्रीवीचा प्रचारक माझ्या दारात आलाच नाही. आला असता तर काय म्हटलं असतं, याची मी तयारी करून ठेवली होती. "अजून ठरवलं नाही." आरशासमोर म्हणूनही पाहिलं. जमत होतं.

जानेवारीच्या मध्यावर, बाहेर बर्फ पडत असताना, आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने आधी बोटच कॅमेऱ्यासमोर धरलं, नखावरची शाई दाखवायला. १५ जानेवारी, सोलापुरात जवळजवळ नऊ वर्षांनी महापालिकेचं मतदान. "चार मतं दिली बघ, चार बटणं. एक दाबलं की बाई म्हणती अजून तीन राहिलीत." कुणाला दिली? "तुला कशाला सांगू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, एका पक्षाची पोरं परवा घरी आली होती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची आली. दोघांना हो म्हटलं. चिवडा संपला होता म्हणून चहा दिला. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? "कशाचं?"

मग तिनेच विचारलं, "आणि तुमचा तो डब्याखालचा?" मी सांगितलं, त्याची मुदत याच आठवड्यात संपली, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या बड्या कंपन्यांच्या संघटनेचा प्रमुख म्हणून जातोय. "म्हणजे नोकरीच लागली की. चांगलं झालं." तिच्यामागे कुणीतरी पाणी आल्याचं ओरडलं आणि तिने फोन तसाच कट्ट्यावर ठेवला. पडद्यावर छत आणि पंखा. पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज येत राहिला, आधी खोल, मग हळूहळू वर चढत जाणारा. मी कॉल न तोडता भाजीला फोडणी टाकायला घेतली. मिसळणाचा डबा उचलला तर खालच्या चेहऱ्यावर हळदीचं एक गोल कडं पडलं होतं, बरोबर कपाळापाशी.